बसचा जिना आणि गावचे मैदान



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांची ओळख मी करून देणार नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्यांच्या शिट्टीवर बैठका मारल्या आहेत आणि रांगेत हललो म्हणून त्यांच्या हातची छडीही खाल्ली आहे. माझ्यापेक्षा तुम्हीच त्यांच्याबद्दल जास्त सांगू शकाल.

संयोजकांनी मला विषय दिला तंदुरुस्तीचा आणि सुखी आयुष्याचा. विषय इतका सज्जन आहे की त्यावर काहीही बोलले तरी कोणी हरकत घेत नाही. लवकर उठा, चार घास कमी खा, चाला, काळजी करू नका. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, मोबाइलवर रोज सकाळी सुविचारासकट येते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटना हे सगळे तोंडपाठ असते. काही जण तर माझ्याआधीच म्हणून दाखवतात. ठाऊक असूनही हातून होत का नाही, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. माझे उत्तरही आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शेवटी भांडायची तयारी करता येईल. शरीर चालते ठेवणे हे एकट्याच्या निश्चयावर फार काळ तगत नाही. ज्यांचे तगते त्यांच्या कामात, घरात, गावात किंवा मित्रमंडळींत त्याची काहीतरी सोय असते. निश्चय मोडला म्हणून आपण माणसाला आळशी म्हणतो आणि सोय कोणी मोडली ते विचारत नाही.

याचा पहिला चांगला पुरावा मिळाला तो व्यायामशाळेत नव्हे, लंडनच्या बसमध्ये.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये हृदयविकाराने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती आणि कारण कोणाला धड सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासायला घेतल्या. लंडनची बस दुमजली. तिच्यावर दोन माणसे, ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघांचा डेपो एक, पाळ्या एक, घरची परिस्थिती साधारण सारखीच. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत वरखाली करी. मॉरिस यांच्या माणसांनी बसमध्ये बसून पायऱ्या मोजल्या. एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या भरत. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होता, झालाच तर उशिरा होई आणि पहिल्या झटक्यात प्राण जाण्याचे प्रमाण त्यांच्यात बरेच कमी होते. हे संशोधन १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पोस्टमन आणि पोस्टाच्याच खात्यात टेबलाशी बसणारे कारकून यांची तुलना केली तेव्हाही काटा त्याच बाजूला झुकला.

मॉरिस यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो यानंतरच्या कामामुळे. आपल्या निष्कर्षावर खूश होऊन ते थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? जाड माणूस आधीच ड्रायव्हरची नोकरी धरत असेल तर? हे तपासायला ते गेले गणवेशाच्या नोंदींकडे. कंपनी कर्मचाऱ्यांना विजारी शिवून देई, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचे माप दप्तरी होते. तरुण ड्रायव्हरांची कंबरही कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे श्रेय सगळे जिन्याचे नव्हते. हे त्यांनी १९५६ मध्ये आपणहून प्रसिद्ध केले. पुढे बैठ्या सरकारी अधिकाऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की काम बसूनच असेल तर फावल्या वेळातला दमवणारा व्यायाम हृदयाला वाचवतो. स्वतः मॉरिस हॅम्पस्टेडच्या माळावर धावायला जात. प्रौढ माणसाने विनाकारण धावावे हे त्या काळी लोकांना वेडेपणाचे वाटे. २००९ साली ते वारले तेव्हा ९९ वर्षांचे होते.

आता मुद्दा पाहा. त्या कंडक्टरांपैकी कोणी तब्येतीसाठी जिना चढत नव्हता. पहाटेचा गजर नाही, सदस्यत्वाची फी नाही. जिना नोकरीत होता, म्हणून व्यायाम होत होता. आपल्या आजोबांचेही असेच होते. विहीर लांब होती, शेत लांब होते, शाळा लांब होती. ते काही आपल्यापेक्षा निश्चयी नव्हते. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली आणि जुन्या लाल दुमजली गाड्यांपैकी शेवटची सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. आपल्या एसटीच्या कंडक्टरांचा असा अभ्यास कोणीतरी करायला हवा, असे मला नेहमी वाटते. फक्त त्यांच्या जेवणाच्या वेळा आणि मुक्कामाच्या खोल्या पाहता निकाल काय लागेल याची मला थोडी धास्ती आहे.

इथे एक शंका येते आणि ती सहसा घरातल्या बायकांकडून येते. “डॉक्टर, दिवसभर मी उभीच असते. धुणे, भांडी, वर शेतात खुरपणी. मला वेगळा व्यायाम कशाला?” शंका अगदी रास्त आहे आणि वैद्यकशास्त्राने तिचे सरळ उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. कोपनहेगनमध्ये एक लाखावर प्रौढांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. फावल्या वेळात जे अधिक हालचाल करत त्यांचे आयुष्य वाढलेले दिसले आणि नोकरीतच ज्यांना जड कष्ट होते त्यांचा धोका उलट वाढलेला दिसला. सिगारेट, शिक्षण, मिळकत यांचा हिशेब धरूनही फरक पुरता गेला नाही. यावर अजून वाद चालू आहे, पण कारणे समजण्यासारखी आहेत. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटेपासून वाकून कोयता चालवते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते, आणि दमली म्हणून बसायची तिला मुभा नसते. अशा कामात नाडी आणि रक्तदाब तासन्‌तास चढलेले राहतात, एकाच सांध्यावर तोच भार पुन्हापुन्हा पडतो, आणि झीज भरून काढायला विश्रांती मिळत नाही, पोटभर जेवणही मिळत नाही. व्यायाम थोडा वेळ शरीराला ताणतो आणि सोडतो. ते सोडणे कष्टात नसते. म्हणून त्या बाईला “तुम्हाला व्यायामाची गरज नाही” म्हणणे चूक आणि “रोज अर्धा तास चाला” म्हणणे क्रूर. तिला हवी आहे सुट्टी, झोप आणि डाळ. गावात राहणाऱ्या, मिक्सर-वॉशिंग मशीन आलेल्या घरातल्या बाईची गोष्ट मात्र वेगळी. तिचे काम संपलेले नाही, पण त्यातला दम लागणारा भाग संपला आणि कंटाळवाणा भाग तेवढा राहिला.

२०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून एक अंदाज छापला गेला. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम हालचाल एवढी साधी अट लावली तरी निम्मे प्रौढ भारतीय नापास. २००० साली हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांत नापास ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७. या ५७ कडे मी शेवटी परत येणार आहे.

आपल्याला हे इतके महागात का पडते, याचे उत्तर पुण्यात सापडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले सारे संशोधन या एका कोड्याला वाहिले: सडपातळ दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का होतो? २००४ साली त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. वजनाच्या तक्त्यानुसार दोघेही उत्तम. मग शरीरातली चरबी मोजली. यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. फोटोखाली त्यांनी थट्टाही केली होती, की यडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटायच्या आत धावत जाऊन ती गाठणे. शास्त्रीय नियतकालिकात इतकी प्रसन्न ओळ मी फारशी पाहिलेली नाही.

याज्ञिकांचे म्हणणे असे, की ही गोष्ट जन्माआधी सुरू होते. पुणे परिसरातल्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला. इथले बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. हाडापेराने, स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी आपले बाळ लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयांनी दिलेला हा वारसा आहे. भांडवल कमी आणि त्यात स्नायूंचा हिस्सा आणखी कमी. जेवल्यावर रक्तात येणारी साखर खपवायची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि तीच जागा अपुरी. पोट पुढे आलेले, हातपाय काटक्या, असा चाळिशीतला गृहस्थ आमच्याकडे रोज येतो आणि म्हणतो, “मी कुठे जाड आहे?” २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने मधुमेही भारतीयांची संख्या दहा कोटींवर सांगितली. त्यात असे न-जाड पुष्कळ आहेत.

यातून निघणारी एक गोष्ट आनंदाची आहे. स्नायू काम करू लागला की तो इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतर लगेच चालण्याला अर्थ आहे. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या, साखर काठावर असलेल्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला होता. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सुधारली आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर एकदम पाऊण तास चालण्यापेक्षाही या तुकड्यांनी जास्त आटोक्यात आली. दहाच माणसे होती, तेव्हा फार ताणू नये. पण आपल्या घरात आजोबा रात्री ओसरीवर शतपावली घालत, त्यांना कोणी हसू नये एवढे तरी त्यातून निघते. रोज दहा हजार पावले या आकड्याची मात्र काळजी सोडा. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे यंत्र विकताना त्या यंत्राच्या नावात घातला गेला. सत्तरीच्या आसपासच्या जवळजवळ सतरा हजार अमेरिकन बायकांच्या पाहणीत साडेचार हजार पावलांच्या आतच मोठा फायदा दिसू लागला आणि साडेसात हजारांपुढे तो वाढेनासा झाला.

आता आपल्या सातारा जिल्ह्याकडे येऊ. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी इथे सगळ्यांना माहीत आहेत. हा राजा चित्रे काढी, कीर्तन करी, आणि सूर्यनमस्कारांचा त्याला ध्यास होता. तारुण्यात त्याने युजेन सँडोच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम केला. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू, हिंदुस्थानातही प्रयोग करून गेलेला. मग ते सोडून बाळासाहेब नमस्कारांकडे वळले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत लंडनमध्ये पुस्तकरूपाने आणली. आज न्यूयॉर्कच्या योगवर्गात जो नमस्कार घालतात, त्याच्या वाटेवरचा एक मोठा टप्पा खटाव तालुक्यातल्या या औंधमध्ये आहे. याच राजाने १९३९ मध्ये आपली सत्ता लोकांच्या हाती दिली, हे मला जास्त मोठे वाटते.

नमस्कारात काय आहे? गुडघा, खुबा, कणा, खांदा हे सगळे आपल्या पूर्ण आवाक्यात फिरतात, हातांवर शरीराचा भार येतो, श्वासाला लय मिळते, आणि जागा लागते सतरंजीएवढी. बिनखर्चाचा असा दुसरा व्यायाम मला दाखवा. तरीही बाळासाहेबांच्या सक्तीबद्दल मी साशंक आहे. शाळेतली सक्ती शाळेबरोबर संपते. दहावीच्या निकालादिवशी गणिताच्या वहीबरोबर नमस्कारही माळ्यावर जातात.

जास्त टिकली ती तालीम. साताऱ्या-सांगलीत, कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. मारुतीची तसबीर, तेल-ताक-हळद घालून मऊ केलेला तांबड्या मातीचा हौद, भिंतीशी उभे मुद्गल, कोपऱ्यात लेझीम. पहाटे जोर, सपाट्या, बैठका, संध्याकाळी लढती. सगळेच काही मल्ल होत नसत. दहातले नऊ पुढे कारकून, शेतकरी, शिंपी, दुकानदार झाले. पण विशीपर्यंतच्या त्या बैठकांचे मांड्यांवर जे व्याज साचले ते त्यांना सत्तरीपर्यंत पुरले. तालमीत तीन गोष्टी होत्या. ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती. तिला पैसे लागत नव्हते, लागले तर नावापुरते. आणि दोन दिवस दिसला नाहीत तर वस्ताद निरोप धाडत असे. आजच्या जिमला तुम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरून फेब्रुवारीत जायचे थांबलात तर तिचा फायदाच असतो. वस्तादाचा असा फायदा नव्हता.

तालमीचे गोडवे गाताना दोन गोष्टी झाकून चालणार नाहीत. तिथे बाईला पाय ठेवता येत नव्हता आणि बऱ्याच ठिकाणी जात पाहूनच दार उघडे. शाहू महाराजांसारख्यांनी मल्लांना आश्रय देताना जातीची भिंत पाडली, तरी ती सगळीकडे पडली नव्हती. शिवाय कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला, असे किती तरी पैलवान आम्ही डॉक्टरांनी पाहिले. बदाम, तूप, दूध रोजचे तेवढेच आणि बैठका शून्य. पन्नाशीला मधुमेह, गुडघे गेलेले.

मांड्यांच्या व्याजाचे मी म्हणालो, तिथे जरा थांबतो, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या ते कामाचे आहे. म्हातारपण आपल्याकडे हृदयात किंवा साखरेत येते असे आपण समजतो. बऱ्याचदा ते आधी मांड्यांत येते. आजी पाटावर बसायची सोडते, मग पलंगावर जेवते, मग जिना सोडते, मग देऊळ सोडते. एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया उत्तम होते आणि तरीही आजी पुन्हा पूर्वीसारखी चालत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या नात्यात ही गोष्ट घडलेली असेल. घरचे ओल्या फरशीला दोष देतात. पण फरशी ओली व्हायच्या दहा वर्षे आधी पाट सुटलेला असतो.

ब्राझीलमधल्या डॉ. आराऊजो यांनी एक साधी परीक्षा काढली. जमिनीवर खाली बसायचे आणि उठायचे. हात, गुडघा, जो आधार लागेल त्याचा एकेक गुण वजा. दहापैकी गुण. पन्नाशी ते ऐंशीमधल्या दोन हजार लोकांची ही परीक्षा घेऊन त्यांनी पुढची काही वर्षे लक्ष ठेवले. ज्यांना तीनपर्यंतच गुण होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण आठ-दहा गुणवाल्यांच्या पाच-सहा पट निघाले. अर्थात आजारी माणसाला उठता येत नाही, म्हणून त्याचे गुण कमी, हेही त्यात आलेच. पण मला गंमत वेगळीच वाटते. ही परीक्षा आपण रोज पंगतीत देत होतो, वाकून वाढपी देत होता, उकिडवे बसून भांडी घासणारी मावशी देत होती. लग्नात बुफे आला, घरात डायनिंग टेबल आले, कमोड आला, आणि दिवसाच्या आठ-दहा बैठका कोणाच्या लक्षात न येता गेल्या. ज्यांचे गुडघे खरोखर झिजलेत त्यांनी कमोड वापरावा, त्यात कमीपणा नाही. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी निदान एक वेळचे जेवण जमिनीवर घ्यावे.

आणि गेलेले बळ परत येते, हे सर्वांत महत्त्वाचे. बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या दहा जणांना घेऊन एक प्रयोग झाला, १९९० साली तो प्रसिद्ध झाला. वय सरासरी नव्वद. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम, वजन लुटुपुटुचे नव्हे, दमवणारे. एक जण मध्येच सोडून गेला. उरलेल्या नऊ जणांच्या मांड्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे होते, तर पासष्टीच्या माणसाने “आता या वयात काय” म्हणायचे कारण नाही.

घरी काय करायचे ते सांगतो, विचारणारे नंतर गाठतीलच. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी बांधून उठा, पूर्ण उभे राहा, मनात तीन मोजत हळूहळू बसा. धप्पकन बसू नका, खरा व्यायाम उतरताना होतो. दहा वेळा जमले नाही तर जितके जमेल तितके. दहा सहज जमू लागले की कडेवर नातवंड किंवा दोन लिटरच्या बाटल्या घ्या. ओट्याला हात लावून टाचा उचला. दात घासताना एका पायावर उभे राहा, दुसरा हात बेसिनवर. एवढ्याला पाच-सात मिनिटे लागतात आणि हे आठवड्यातून तीन दिवस पुरे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. चालणे चांगलेच आहे, पण नुसत्या चालण्याने मांड्यांचे बळ फारसे वाढत नाही, हे आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींना पटवणे मला अजून साधलेले नाही.

संयोजकांच्या विषयात ‘सुखी’ हाही शब्द आहे. त्याबद्दल मी थोडेच बोलेन, कारण सुखाचे तज्ज्ञ मराठीत माझ्याआधी सातशे वर्षे होऊन गेले. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्त लोकांचे तीन गट केले होते. एकाला औषध, एकाला व्यायाम, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. पुढे सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा व्यायामाच्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. हे ऐकून कोणी आपली गोळी बंद करू नये, ते डॉक्टरशी बोलूनच करायचे असते. पण त्या प्रयोगातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही: व्यायाम गटात होता, आठवड्यातून तीन दिवस, ठरल्या वेळी, ओळखीच्या माणसांबरोबर. गुण किती व्यायामाचा आणि किती माणसांचा, हे वेगळे करणे सोपे नाही. मला ते वेगळे करायची गरजही वाटत नाही.

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत चार-पाच जणांना घेऊन बागेत हसायला सुरुवात केली आणि हास्यक्लब जगभर गेले. मुद्दाम काढलेले हसू शरीराचे किती भले करते यावर माझे मत फारसे भारावलेले नाही. पण हास्यक्लबात जाणारे माझे पेशंट वर्षानुवर्षे जातात. कोणी आजारी पडले की चार जण घरी येतात, वाढदिवसाला पेढे वाटतात, न आल्यास फोन करून चौकशी करतात. वस्ताद परत आला, फक्त यावेळी तो टी-शर्ट घालून बागेत उभा आहे. वारीतही सत्तरीचे शेतकरी आळंदीहून पंढरपूर गाठतात ते दिंडीमुळे. त्यांना तेवढेच अंतर एकट्याने, ट्रेडमिलवर चालायला सांगून पाहा.

आता गावाबद्दल. दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटात हजारो माणसे धावतात. रस्ते बंद होतात, आपण टाळ्या वाजवतो आणि वाजवाव्यात. पण एरवी या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत फुटपाथवरून, खाली न उतरता, चालून दाखवायला सांगा. दुचाक्या, हातगाड्या, उघडी गटारे आणि फुटपाथवरच उभा डीपी. पुणे तर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. आज तिथे मुलाला सायकलवर शाळेत पाठवायला आईबापांचे धाडस होत नाही. शाळांची मैदाने संध्याकाळी कुलपात असतात, नाहीतर लग्नाला दिलेली असतात. पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला असतो. सगळ्या बागांत निळ्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रे बसवली आहेत, त्यांवर नगरसेवकांची नावे ठळक आहेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांचे बेअरिंग गंजते. यंत्र बसवणे सोपे असते, त्याचे उद्घाटन करता येते.

म्हणून त्या नापास झालेल्या ५७ टक्के स्त्रियांकडे परत येतो. आमच्या भागातल्या काही बायकांनी मिळून पहाटे मैदानावर चालायला आणि नमस्कार घालायला सुरुवात केली होती. त्यांत शिक्षिका होत्या, भाजी विकणाऱ्या होत्या, एक निवृत्त नर्स होती. उन्हाळ्यात संख्या चांगली होती. दिवाळीनंतर ती घटत गेली आणि जानेवारीत तिघीच उरल्या. पुरुषांनी निदान केले: थंडी आणि आळस. मी त्या बायकांनाच विचारले. त्यांची कारणे अशी होती. सहाच्या आत अंधार असतो आणि मैदानाच्या मागच्या कडेचे दोन्ही दिवे बंद आहेत. तिथे रात्री बसणाऱ्यांच्या बाटल्या पडलेल्या असतात. उशिरा यावे तर सातला घरी डबे भरायचे असतात. आणि मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या तिघी-चौघी पहिल्याच महिन्यात यायच्या थांबल्या होत्या. यात आळस हे कारण मला कुठेच सापडले नाही.

आज पहिल्या रांगेत नगरपालिकेतली मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. बागेतल्या यंत्रांचा पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यातली दोन यंत्रे कमी करा. त्या पैशांत मागच्या कडेचे दोन दिवे लागतात, पहाटे साडेपाचला कुलूप उघडणारा एक माणूस ठेवता येतो, आणि स्वच्छतागृहाला पाण्याची जोडणी होते. खर्चाचा अंदाज त्या निवृत्त नर्सबाईंनी अर्जासोबत जोडून दिला आहे. अर्ज आवक-जावक विभागात आहे.